चारशे अडुसष्ट महिन्यांचं मूल

डोळे मिटा बरं जरा. घट्ट मिटायचे, पापण्यांच्या फटीतून बघणाऱ्याला गोष्ट दिसत नाही.

आता समजा, तुमच्या दारापुढचा डांबरी रस्ता कुणीतरी सतरंजीसारखा गुंडाळून नेला. उरली नुसती गाडीवाट, घोटा बुडेल एवढ्या धुळीची. विजेचे खांब गेले, नळ गेले, एसटी गेली. कडावहून कर्जतला जायचं तर पायी चालायचं, नाहीतर भाताच्या गाडीवर पोत्यांच्या मधे अंग चोरून बसायचं. माघ महिना आहे. झोडणी आटपली आहे, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आहेत, मोकळ्या शेतांत वाल धरला आहे, आणि संध्याकाळ झाली की कुठल्या ना कुठल्या बांधावर मडकं उपडं घालून पोपटी लावली जाते. भांबुर्डीच्या पाल्यात वाफललेल्या शेंगांचा तो वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही.

आणखी एक गोष्ट समजा. ही जरा अवघड आहे. समजा, वाटेवर चार माणसं भेटली की त्यातल्या एकाच्या तोंडावर खळगेच खळगे. त्याला कुणी हसत नाही. उलट लोक म्हणतात, नशिबाचा आहे. कारण त्याला देवी येऊन गेल्या आणि तो मागे उरला. देवी म्हणजे एक रोग होता, अंगभर फोड उठवणारा. आता तो जगातून पार गेला आहे. पण तेव्हा तो फाल्गुन-चैत्रात कधीही यायचा आणि जाताना कुणाकुणाच्या अंगणातलं पोर घेऊन जायचा.

झालं समजून? उघडा डोळे. तो बघा कडावच्या शाळेचा ओटा, आणि त्या ओट्यावर काळा कोट घालून उभे आहेत ते वाल्मिक मास्तर.

कोटाला पाच बटणं होती आणि पाचही आपापल्या जागी होती, यावरून मास्तरांचा स्वभाव ओळखा. शेतकऱ्याच्या घरात जन्मून सातवी पास झालेला तो पंचक्रोशीतला पहिला माणूस. गावाला त्यांचा अभिमान होता आणि त्यांना स्वतःचा, गावापेक्षा थोडा जास्त. मास्तर सापाला भीत नसत. डोंगराकडच्या वाटेवर बिबट्या दिसला होता तेव्हा त्यांनी त्याला छत्री उघडून दाखवली होती. जगात ते फक्त एका गोष्टीला भीत: टोचण्याला. पायात काटा रुतला तर सुंदराबाई, म्हणजे त्यांची बायको, तो काटा मास्तर झोपल्यावर काढीत. ही गोष्ट सुंदराबाईंना आणि त्यांच्या आठ वर्षांच्या जयाला सोडून कुणालाही ठाऊक नव्हती.

त्या वर्षी डोंगराच्या अंगच्या एका वाडीत दोन पोरांना देवी आल्याची बातमी आली, आणि पाठोपाठ हुकूम आला की टोचणीवाले चौबळ कडावला येत आहेत. मास्तरांनी लोकांची समजूत घालावी. समजूत घालणं हा मास्तरांचा आवडता उद्योग. त्यांनी शाळेच्या ओट्यावरून पाऊण तास भाषण केलं. लस कशी वासरापासून काढतात, ती बेळगावहून काचेच्या नळ्यांतून कशी येते, ती दंडावर टोचली की आठ दिवसांत फुलांसारखे फोड कसे उठतात आणि मग देवींचा रोग कसा जवळ फिरकत नाही, सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग शेजारच्या चंद्राबाईंनी विचारलं, "वासराची लस टोचली तं शेपूट येल का वं मास्तर?"

"शेपूट येत नाही."

"मंग शिंगा तरी येत असतील."

हशा ओसरल्यावर मागच्या बाजूनं चांगो उठला. चांगो ठाकरवाडीतला, वाडीतला जाणता माणूस. तो हो म्हणाला तर वाडी हो म्हणायची. कमी बोलायचा. म्हणाला, "मास्तर, तुमची पोर टोचलीय का?"

मास्तरांच्या कोटाचं वरचं बटण एकदम आवळ झालं.

कारण जया टोचलेली नव्हती. दर वर्षी टोचणीवाले आले की ती पेंढ्याच्या उडवीत जाऊन लपायची. आणि खरं सांगायचं तर मास्तरही तिला फारसं शोधत नसत. दोनदा हाक मारायचे, तीही कमी आवाजात, आणि मग म्हणायचे, "सापडत नाही बुवा. पुढच्या वर्षी बघू." तिच्या वयाचे असताना त्यांना स्वतःलाही आजीनं असंच भाताच्या कणगीत लपवलं होतं. म्हणजे बापलेक दोघंही कोरे.

"या वर्षी टोचणार आहे," मास्तर म्हणाले.

"मंग तुमची पोर पयली," चांगो म्हणाला. "तिचं बरं झालं का वाडीची झाडून सारी पोरा घेऊन येतू. नाय तं नाय."

आणि तेवढ्यात शाळेला लागूनच असलेल्या मास्तरांच्या अंगणातल्या उडवीतून जयाचा आवाज आला, "आदी बाबा! बाबांच्या दंडावर फुला येऊ देत, मंग मी!"

सभेनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या भाषणाला पडल्या नव्हत्या तेवढ्या.

चौबळ आले ते एका पत्र्याच्या पेटीसह. किडकिडीत गृहस्थ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट रजिस्टराच्या रकान्यात बसते अशी श्रद्धा. शाळेपुढच्या चिंचेखाली टेबल मांडून त्यांनी टाक बुडवला.

"मुलाचं नाव?"

"मूल नाही. मीच आहे," मास्तर म्हणाले.

"छापलंय ते वाचतोय मी. मुलाचं नाव?"

"वाल्मिक राघो."

"वय, महिन्यांत?"

मास्तर थबकले. सगळी शाळा भोवती उभी होती. तोंडी हिशेबात चुकून चालणार नव्हतं. एकोणचाळीस बारे. "चारशे अडुसष्ट," ते म्हणाले, आणि पोरांनी मागून बोटं मोजून खात्री केली.

"मूल कोणी आणलं?"

"मी माझ्या पायांनी आलो."

"असं चालत नाही. मूल आपण होऊन येतं का कधी? आणणाऱ्याची सही लागते. पालक पाहिजे."

शेवटी गावचे पोपट पाटील पुढे झाले. "आन इकडं. आमचंच लेकरू हाय त्ये," असं म्हणून त्यांनी सही ठोकली. पाटील मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी लहान होते.

मास्तरांनी बाही वर केली आणि मुलांना शेवटचा उपदेश केला, "टोचताना हाताकडे बघायचं नसतं. समोर चिंचेकडे बघायचं, आणि डोळे मिटायचे." डोळे मिटल्यावर चिंच कशी दिसणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. चौबळांनी दंडावर चार ठिकाणी लस लावून टोचलं. पहिल्या टोचणीला मास्तरांनी "आई गं" म्हटलं ते अशा आवाजात, की गाडीला जुंपलेल्या बैलांनी माना वळवून बघितलं.

घरी येऊन मास्तर डोळे मिटून, हात पसरून आडवे झाले. सुंदराबाई काळजीत पडल्या, आणि काळजीत पडलेल्या बाईच्या दारात सल्ला देणारी शेजारीण न बोलावता येते.

"सुंदरे," चंद्राबाई म्हणाल्या, "देवी तुज्या मालकाच्या दंडात आली. पाव्हनी दाराशी आली आन तिच्या पायांवर पानी नाय?"

आता आपल्याकडे पाहुणा उंबऱ्याशी आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, ही रीत. मग ही तर साक्षात देवी. सुंदराबाईंनी तांब्याभर पाणी घेतलं, मास्तरांच्या दंडावरून सावकाश सोडलं, नव्या खणाच्या तुकड्यानं चारही जागा पुसून काढल्या, वर हळदकुंकू वाहिलं. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांना दंड गार वाटला, बरं वाटलं. "छान," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी फळ्यावर रोज आपल्या दंडाचं चित्र काढलं. शिकवण्याची ही संधी सोडतील तर ते वाल्मिक मास्तर कसले! "तिसऱ्या दिवशी पुळी, पाचव्या दिवशी पाणी, आठव्या दिवशी टपोरं फूल," असं त्यांनी बाजूला लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी चार ठिपके काढले. पाचव्या दिवशी तेच चार ठिपके काढले. सातव्या दिवशी दोनच काढले, कारण बाकीचे दोन शोधूनही सापडेनात. मास्तर फळ्याकडे वळले की पोरांच्या नजरा त्यांच्या धोतराच्या मागच्या अंगाला जात. शेपटाची अजून कुणी आशा सोडली नव्हती.

आठव्या दिवशी चौबळ तपासायला आले. सारा गाव चिंचेखाली जमला. चौबळांनी दंड उलटासुलटा केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"धुतलंत?"

"छे, छे! काय बोलता?"

"धुतला नाय वं," दाराआडून सुंदराबाई म्हणाल्या. "पाय तेवढे धुतले. देवीचे."

चौबळांनी डोळे मिटून घेतले. "बाई, ते देवीचे पाय नव्हते. ती माझी बेळगावची लस होती."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण माघातली जमीन घट्ट असते. गावात तासाभरात निकाल लागला: देवी आली, पाय धुऊन घेतले, घर बघितलं आणि निघून गेली, मास्तरचं घर काय तिला पसंत पडलं नाही. सुंदराबाईंनी त्या दिवशी भाकऱ्या थापताना तीन वेळा पदर डोळ्यांना लावला. आणि चांगो, जो आठ पोरांना घेऊन चिंचेच्या सावलीत बसला होता, तो उठला, धाकटं पोर खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "येतू मास्तर." एवढंच. हसला असता तरी मास्तरांना परवडलं असतं.

त्याच संध्याकाळी बातमी आली. डोंगराकडच्या वाडीतल्या दोन आजारी पोरांपैकी एक गेलं, आणि अलीकडच्या वाडीत एकाला नव्यानं ताप भरला होता.

मास्तर अंगणात आले. जया उडवीवर बसून पाय हलवत होती. आठ वर्षांची. गुळगुळीत गाल. मास्तर तिच्या गालांकडे बघत उडवीपाशी गेले.

"जये, उद्या मी पुन्हा टोचून घेणार आहे. चौबळ कुंभिवलीला आहेत."

"मी पन येनार. तुमी खरंच टोचता का नाय ते मी बगनार."

एवढा अविश्वास मास्तरांच्या वाट्याला शाळाखात्याकडूनही आला नव्हता.

पहाटे पाटलांची भाताची गाडी खालापूरकडे निघाली, तिच्यावर पोत्यांच्या मधे मास्तर आणि जया. धुक्यातून बैलांच्या घंटा वाजत होत्या, भाकरीच्या फडक्यात वालाची उसळ होती, आणि कोटाची पाचही बटणं धुळीनं भुरी झाली होती. पुढे कितीतरी वर्षांनी मास्तर म्हणायचे, की आयुष्यात इतक्या सुखाचा प्रवास पुन्हा झाला नाही. त्या वेळी मात्र ते फक्त एवढंच म्हणाले, "बूड दुखतंय."

"बाबा," जयानं विचारलं, "लस आत जाऊन करते काय?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "सांगतो. शाळा तपासायला डिपोटीसाहेब येतात ना? त्याच्या आधी मी काय करतो?"

"शुक्रा कोतवालाला तुमचा कोट घालून खुर्चीवर बसवता. मंग तो साहेबासारखा दम देतो."

"शाबास. शुक्रा खरा साहेब आहे का? नाही. तो कुणाला नापास करत नाही. पण पोरांची भीड मोडते, उत्तरं पाठ होतात. मग खरा साहेब आला तरी कुणी घाबरत नाही. लस म्हणजे कोट घातलेला शुक्रा. अंगातली पोरं त्याला बघून तयारी करतात. खरा रोग आला की त्याला पाठ उत्तरं फेकून मारतात."

जयानं भाकरी चावता चावता विचार केला. "मंग मागल्या खेपंला आईनं काय केलं?"

"शुक्राला वेशीवरच आंघोळ घातली आणि परत पाठवलं."

कुंभिवलीला रस्त्याकडेच्या चावडीत चौबळ रजिस्टर आखत बसले होते. मास्तरांना बघून त्यांनी टाक खाली ठेवला.

"होणार नाही. तुमची नोंद झालेली आहे. एका हंगामात तेच मूल पुन्हा टोचायचं म्हणजे दुबार नोंद. त्याला वरून मंजुरी लागते."

"किती दिवस?"

"पावसाळ्यानंतर येईल."

"त्याआधी चैत्र येईल, चौबळसाहेब," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी टोचल्याशिवाय ही टोचणार नाही. ही टोचल्याशिवाय वाडीतली आठ पोरं टोचणार नाहीत. तुमच्या रजिस्टरात यातलं काही बसत नाही, ते मला ठाऊक आहे."

चौबळांनी मास्तरांकडे बघितलं, मग जयाकडे. मग ते रजिस्टराची पानं मागेपुढे करू लागले. माणूस वाईट नव्हता. फक्त माणुसकीलाही रकाना लागतो अशी त्याची समजूत होती. शेवटी त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"दुबार कशाला म्हणायचं? त्याच पालकानं तेच मूल पुन्हा आणलं तर. इथे पालक पोपट पाटील. दुसऱ्या पालकानं आणलं तर... तसं कलम मला दिसत नाही." त्यांनी चावडीभर नजर फिरवली. गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. "तुमच्याबरोबर दुसरं कोण आहे?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत जया पुढे झाली. "मी हाय की. मला सही येते."

"पालक सज्ञान हवा..." चौबळ पुटपुटले, आणि मग तो रकाना छापलेलाच नाही हे बघून त्यांना फार मोकळं वाटलं. "लिही. नातं? आई, बाप, का इतर?"

जयानं टाक घट्ट धरून, जीभ बाहेर काढून, शाईचे दोन ठिपके पाडत सही केली. "इतर नको," ती म्हणाली. "इतर म्हंजे पाटील. मी यांची हाय."

चौबळांनी नात्याच्या रकान्यात एक छोटीशी रेघ मारली आणि त्यावर लगेच टीपकागद दाबला.

या खेपेला मास्तरांनी "आई गं" म्हटलं नाही. ओठ घट्ट मिटले आणि डोळेही. पालक मात्र डोळे उघडे ठेवून, नाक दंडाजवळ नेऊन, चारही टोचण्या मोजत होती.

आणि इथून मास्तरांचे दिवस फिरले. सही केलेल्या माणसाला जबाबदारी असते, असं मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. आता जया ती निभावू लागली. परतीच्या वाटेवर नदी ओलांडताना तिनं त्यांना हात वर धरायला लावला. घरी आल्यावर दंडाच्या आसपास तांब्या दिसला की ती आडवी येई. तिसऱ्या दिवशी चार लालसर पुळ्या उठल्या आणि त्यांना खाज सुटली. वर्गात पाढे चालू असताना मास्तरांचा हात नकळत दंडाकडे गेला, तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "हात खाली!" हे मास्तरांचंच वाक्य होतं, मास्तरांच्याच सुरात. सगळी शाळा हसली. चारशे अडुसष्ट महिन्यांच्या मुलानं हात खाली घेतला.

पाचव्या दिवशी पुळ्यांत पाणी भरलं. सातव्या दिवशी मोत्यासारखी टपोरी फुलं झाली, प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखी खळी, भोवती लाल कडं. फळ्यावरचं चित्र रोज वाढत होतं. पुढे त्या फुलांची खपली होते, तीन आठवड्यांनी गळते आणि नाण्याएवढा गोल वण राहतो. घरात कुणी खूप म्हातारं माणूस असेल तर त्याची बाही जरा वर करून बघा. असेल तिथं. आताच्या मुलांना तसा वण नसतो, कारण आता त्याची गरज उरलेली नाही.

त्या सातव्या दिवशीच मास्तरांना ताप भरला. काखेत आवळ्याएवढी गाठ आली. हात उचलेना. "शुक्रा आत गेला!" जयानं शाळेत जाहीर केलं. "आन काखेत पोरा पाठांतर करतायत."

गावाला मात्र शुक्राशी देणंघेणं नव्हतं. देवी परत आली होती, तीही राहायला! मग घरात फोडणी बंद, तळण बंद, भाजणं बंद. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या. मास्तरांच्या ताटात सकाळ-संध्याकाळ गार दहीभात. दाढी करायची नाही, जोडे घालायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. पाच बटणांचा कोट खुंटीवर गेला आणि मास्तरांना पाटावर बसवलं. बाया येऊन त्यांच्यापुढे नारळ ठेवू लागल्या. "हे अज्ञान आहे," मास्तर हळूच म्हणत, कारण मोठ्यानं बोलायला बंदी होती. बाया हात जोडून म्हणत, "बोलती हाय गं, देवी बोलती हाय." आणि मागच्या बांधावर पोरं पोपटी लावत होती. तो वास भिंतीतून आत येत होता. दहीभाताचा घास हातात धरून मास्तर त्या वासाकडे ज्या तोंडानं बघत, ते तोंड बघून बायांची भक्ती आणखी वाढे.

मग चंद्राबाई तांब्या घेऊन आल्या. "सुंदरे, पायांवर पानी घालायचं ऱ्हायलं."

सुंदराबाई घाबरून जयाकडे बघू लागल्या. मास्तर उठू लागले तर काख कळवळली. जया उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"चंदरामावशे, पाव्हनीचे पाय धुतात का नाय?"

"धुत्यात की."

"आन घरातल्या मानसाचे?"

"घरातल्याचे कोन धुतंय?"

"मंग झालं. ही आता आमच्या घरातलीच हाय. आट दिस ऱ्हायली."

चंद्राबाईंनी तांब्या खाली ठेवला. विचार केला. "त्ये बी खरंच," म्हणाल्या, आणि ते पाणी तुळशीला घालून निघून गेल्या. पाऊण तासाचं भाषण जिथं पोचलं नव्हतं तिथं ही दोन वाक्यं पोचली, हे मास्तरांनी पाटावरून ऐकलं. त्यांना थोडं लागलं. थोडंसंच.

चौबळ आले ते दहाव्या दिवशी, पेटीत भरपूर नळ्या घेऊन. चिंचेखाली पुन्हा सारा गाव. मास्तर पाटीलबुवांच्या खांद्याचा आधार घेऊन आले. दाढी वाढलेली, अंगात ताप, पाय अनवाणी. चौबळांनी दंड बघितला आणि पहिल्यांदाच हसले. "चारही फुललीत. उत्तम." ही खूण त्यांनी रजिस्टरात इतक्या सुंदर अक्षरात केली, की मास्तरांना वाटलं, याला शाळेत घ्यावा.

चांगो पोरांना घेऊन आला होता. दूर बसला नाही, जवळ आला. दंडाकडे बघितलं, मग मास्तरांच्या मागं जाऊन बघितलं.

"शेपूट नाय," तो वाडीच्या पोरांना म्हणाला. मग जयाकडे वळला. "आता तुजी पाळी गं बाय."

सगळ्यांच्या नजरा उडवीकडे गेल्या. पण जया उडवीत नव्हती. ती टेबलाशी उभी होती, बाही वर सारून.

"मुलीचं नाव? वय, महिन्यांत?" चौबळांनी टाक बुडवला. "मूल कोणी आणलं?"

"मी," मास्तर म्हणाले. सहीचं अक्षर असं आलं, की कुणालाही ते पहिलीतल्या पोराचं वाटावं. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'बाप' लिहिलं. मग ते जयामागे खाली बसले, तिला मांडीवर घेतलं, ताप भरलेल्या हातानं तिचं मनगट धरलं.

चौबळांनी नळीचं टोक मोडलं. चार थेंब दंडावर लावले. टोचणी उन्हात चमकली. त्यांना कणगीतला अंधार आठवला, उडवीपाशी दोनदा मारलेल्या हळू हाका आठवल्या, आणि त्यांची नजर टोचणीवरून हलेना.

"जये," ते कसेबसे म्हणाले, "डोळे मीट. चिंचेकडं बघ."

जयानं डोळे मिटले नाहीत. डावा दंड तिनं चौबळांपुढे नीट धरला, मान वळवून एकदा बाबांच्या तोंडाकडे बघितलं, आणि उजव्या हाताचा चिमुकला पंजा उचलून बाबांच्या डोळ्यांवर ठेवला.